पाच जणांचे नमुने एकत्र का तपासत?

प्रश्न : करोनाकाळात शिबिरात माझी रॅपिड अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, पण ताप होता म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह निघाली. आरटी-पीसीआर इतकी खात्रीची, तर सर्वांची तीच का केली नाही? आणि पाच जणांचे नमुने एकत्र तपासत, हे खरे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अँटिजेन चाचणी विषाणूची प्रथिने नमुन्यात जेवढी असतील तेवढ्यांवरच भागवते, त्यामुळे ती पुरेशी नसतील तर पट्टीवर रेघ उमटत नाही. आरटी-पीसीआरमध्ये मात्र विषाणूच्या आरएनएपासून डीएनए तयार करून तो प्रत्येक आवर्तनात जवळपास दुप्पट केला जातो, आणि अशा ३० आवर्तनांत एका प्रतीच्या शंभर कोटी प्रती होऊ शकतात.

सर्वांची आरटी-पीसीआर करायची तर खोळंबा यंत्रापाशी होतो असे वाटते, पण ९६ खळग्यांची प्लेट यंत्रातून साधारण दोन तासांत बाहेर येते. खरा वेळ त्याआधी जातो : हाताने काम करणाऱ्या प्रयोगशाळेत प्रत्येक नळी जैवसुरक्षा कपाटात उघडायची, आरएनए वेगळा काढायचा आणि दर नमुन्याला पिपेटचे (थेंब मोजून घेण्याच्या नळीचे) टोक बदलायचे. त्यातच आरएनए काढण्याच्या किटचा तुटवडा.

हे काम कमी वेळा करावे लागावे म्हणून नमुने एकत्र तपासत, हे खरे आहे. ही युक्ती अमेरिकेत १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन यांनी सैन्यभरतीतील सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी मांडली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एप्रिल २०२० मध्ये पाचपर्यंत नमुने एकत्र करण्यास मुभा दिली. शंभरांत एकच बाधित असेल, तर पाच-पाचांचे वीस गट तपासायचे आणि पॉझिटिव्ह आलेल्या एका गटातील पाचांची पुन्हा वेगवेगळी तपासणी करायची, म्हणजे २५ चाचण्यांत काम होते. दहा बाधित विखुरलेले असतील, तर हाच आकडा साठीच्या घरात जातो आणि दुबार कामाने निकालही लांबतो. म्हणून बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असेल तेथे ही पद्धत वापरू नये, अशी सूचना होती. शिवाय नमुना पाचपट विरळ झाल्याने निकाल दोन-सव्वादोन आवर्तने उशिरा दिसतो, आणि नमुन्यात विषाणू जेमतेम असलेला रुग्ण निसटू शकतो.

गोव्यातील कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट हे छोटे पीसीआर यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी उपयोगी होते, पण एका वेळी मोजकेच नमुने घेत असल्याने शिबिराला पुरणारे नव्हते.

शिबिरात अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन वापरणे माझ्या मते योग्यच होते. मात्र लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावी, हा नियम पाळला तरच. तुमच्या बाबतीत तो पाळला गेला.