नराची नसबंदी: टाके सोपे, पोट अवघड

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत, ती म्हणजे नर गिनीपिगची नसबंदी. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

दुकानातून ‘दोन्ही माद्या’ म्हणून जोडी आणली. नऊ दिवसांपूर्वी एक व्यायली, तीन पिल्लं झाली. म्हणजे दुसरा नर आहे. तो अजून त्यांच्यातच आहे. नसबंदी केली की काळजी मिटली ना?
*– मानपाडा, ठाणे*

आधी त्याला आजच वेगळ्या पिंजऱ्यात हलवा, नसबंदीचं त्यानंतर बघू. गिनीपिगची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नऊ दिवस दोघं एकत्र होते, तेव्हा ती पुन्हा गाभण आहे असंच धरून चाला. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. पिल्लांच्या जन्मतारखेपासून मोजून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एरवी लसूणघास (अल्फाल्फा, एक हिरवा चारा) रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असतं. पण गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला ती रोज थोडी द्यायला हरकत नाही.

पिल्लांतले नर २१व्या दिवशी आईपासून आणि बहिणींपासून वेगळे करा. एवढ्या वयातही ते मादीला गाभण घालू शकतात. ‘अजून किती लहान आहेत’ म्हणून आठवडाभर थांबलं की हिशेब चुकतो.

आता नसबंदीकडे येऊ. साधारण चार महिन्यांचा आणि ५०० ग्रॅमच्या वर वजनाचा निरोगी नर शस्त्रक्रियेला चांगला. तीन वर्षांच्या पुढे असेल तर छाती, दात आणि वजन नीट तपासून मगच ठरवावं. मादीची नसबंदी पोट उघडून करावी लागते, नराची त्या मानाने लहान असते, त्यामुळे जोडी एकत्र ठेवायची तर नराचीच करावी. मात्र वृषण काढले तरी पुढच्या नळ्यांमध्ये शुक्राणू उरलेले असतात. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून पूर्ण सहा आठवडे त्याला कोणत्याही मादीजवळ सोडू नका. चार आठवड्यांत चालतं असंही सांगितलं जातं, पण आम्ही सहाच धरतो. दोन आठवडे वाचवायच्या नादात त्या मादीवर आणखी एक बाळंतपण लादण्यात अर्थ नाही.

दवाखान्यातून सांगितलं, ‘रात्री आठनंतर काही खायला देऊ नका, सकाळी उपाशी आणा.’ आमच्या कुत्र्याच्या वेळीही असंच सांगितलं होतं. बरोबर आहे का?
*– ऐरोली*

कुत्र्यासाठी बरोबर, गिनीपिगसाठी घातक. कुत्रा-मांजराला भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. गिनीपिगला उलटी करताच येत नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहण्यासाठीच बनलेलं आहे. मागून गवत येत राहिलं तर पुढचं सरकतं. रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, आतडं मंदावतं, आत वायू धरतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जनावर तिसऱ्या दिवशी जातं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

त्याच्या घशाची वाट अरुंद असते आणि चावलेलं गवत तोंडात मागे साठून राहतं, एवढी एकच अडचण खरी. त्यासाठी भुलेआधी तासभर खाणं काढून घेतात आणि तोंड पाण्याने स्वच्छ करतात. तेवढं पुरतं. तोपर्यंत प्रवासाच्या खोक्यातही त्याच्यापुढे सुकं गवत आणि पाण्यासाठी काकडीची फोड हवी. घोडबंदर रोड किंवा ऐरोली पुलावर तासभर अडकणं नवं नाही.

दवाखाना ठरवण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारा. गिनीपिगच्या नसबंद्या याआधी केल्या आहेत का? जांघेतली वाट बंद करता का? भुलेत अंग गरम ठेवायची सोय आहे का?

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पोटातून अंडकोषात जाणारी वाट गिनीपिगमध्ये आयुष्यभर उघडी राहते. वृषण काढून ती तशीच सोडली तर आतडं खाली घसरून हर्निया होतो. ‘उपाशी आणा’ असं सांगणाऱ्या दवाखान्याला या तिन्हींची नीट उत्तरं देता आली नाहीत, तर दुसरा दवाखाना शोधा. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे गेली तरी काही बिघडत नाही.

शनिवारी शस्त्रक्रिया आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी काय तयारी ठेवू? पहिले दिवस काय बघायचं?
*– नौपाडा, ठाणे*

शनिवार निवडलात ते बरं केलंत, पण सोमवारीही एकाने रजा घ्या. पहिले ४८ तास कोणीतरी घरात हवंच.

पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा पूर्ण काढा, त्याचे कण टाक्यांना चिकटतात. जुन्या सुती चादरीचे किंवा फ्लीसचे तुकडे अंथरा आणि दिवसातून दोनदा बदला. चढायच्या पायऱ्या, वरचा मजला काढून टाका. पावसाळ्यात करत असाल तर पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. ओल्या जखमेवर माशी बसली तर एका दिवसात अळ्या दिसू शकतात. हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडा. मे महिन्यात आपल्याकडची घरं गिनीपिगला निरोगी असतानाही सोसत नाहीत. त्याला १८ ते २३ अंश मानवतात, २८च्या वर त्रास सुरू होतो.

घरी आल्यावर पहिल्या काही तासांत मात्र थंडी वाजते. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला दूर सरकता येईल. पंखा थेट अंगावर नको.

आता खाण्याचं. एरवी कोथिंबिरीच्या पिशवीची कुरकुर ऐकली की जो शिट्ट्या मारत जाळीला येतो, तो शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी दोन काड्या जरी चावू लागला तरी अर्धी लढाई जिंकली. गवताबरोबर कोथिंबीर, सिमला मिरची, पेरूची फोड पुढे ठेवा. माणसासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, आणि जखम भरायला ते लागतं. ते पाण्यात घालू नका, तासाभरात त्याचा कस उतरू लागतो. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणाऱ्या दूर्वा आजारी गिनीपिग आवडीने खातो. तीन पाण्यांतून धुऊन, निथळून द्या.

घरी आल्यावर सहा ते आठ तासांत काहीच तोंडात घेतलं नाही, तर भरवायला लागा. त्याआधी पोटाला हात लावा. ढोलकीसारखं ताणलेलं लागलं तर भरवू नका, तडक दवाखाना गाठा. पोट मऊ असेल तर पेलेट्स (गिनीपिगचं विकतचं दाणेदार खाद्य) चटणीच्या भांड्यात कोरड्याच दळा, बारीक चाळणीने चाळा आणि एक भाग पिठाला दोन-तीन भाग कोमट पाणी घालून दहा मिनिटं भिजवा. आधी भिजवून मग कुस्करलं तर गुठळ्या राहतात आणि सिरिंज दर वेळी तुंबते. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या. त्याला रुमालात गुंडाळून मांडीवर पोटावरच बसवा, उताणं कधीच नाही. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने सिरिंज घाला. थोडं सोडा, चावून गिळेपर्यंत थांबा. घाई केली की अन्न फुप्फुसात जातं. एक किलोच्या नराला दिवसभरात साधारण ६० मिली, पाच-सहा वेळांत विभागून. त्यातली एक वेळ मध्यरात्रीची ठेवा.

रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ५० ग्रॅम उतरलं तर डॉक्टरांना फोन, १०० उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना. लेंड्या बारीक किंवा कमी झाल्या, तो केस फुलवून कुबड काढून बसला, दात करकरवू लागला, तर त्याला दुखतंय. वेदनाशामक म्हणून बहुतेक मेलॉक्सिकॅम मिळेल. त्याचं पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेत येतं, म्हणून ‘किती मिली’ बरोबर ‘एका मिलीत किती मिलिग्रॅम’ हेही कागदावर लिहून घ्या. माणसांची गोळी फोडून देऊ नका.

गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर नको. गिनीपिग आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्याला त्या लागतात. कॉलरने ते थांबतं. टाक्यांवर हळदही नको. पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही, पूड जखमेत बसते आणि तो ती चाटत राहतो. अंघोळ दोन आठवडे बंद.

शस्त्रक्रियेला दहा दिवस झाले. खातोपितो छान, पण एका बाजूला बोराएवढी टणक गाठ आली आहे. घरात मुलाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आहे, थोडं देऊ का?
*– नेरूळ*

मुळीच नाही. ती बाटली त्याच्यापासून दूर ठेवा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग घातक जंतू माजून विष तयार करतात आणि जुलाब लागून जनावर दगावतं. त्याला चालणारं प्रतिजैविक डॉक्टर वजनावरून ठरवतील, बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा गटातलं.

पहिल्या दोन-तीन दिवसांची, दोन्ही बाजूंना सारखी आणि रोज उतरत जाणारी सूज नेहमीची असते. दहाव्या दिवशी एकाच बाजूला टणक गाठ म्हणजे बहुतेक गळू. या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त दिसणारी अडचण हीच. गिनीपिगचा पू पाण्यासारखा नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे सुईने ओढून निघत नाही. डॉक्टर गाठ उघडून आतली पिशवी साफ करतात आणि पुढे काही दिवस जखम धुवावी लागते. खातोय म्हणून अंगावर काढू नका. उद्याच दाखवा. घरी दाबून पाहू नका.

ज्यांच्याकडे गाठ अचानक आली आहे आणि हाताला मऊ लागते, त्यांनी उद्याचीही वाट पाहू नये. ते आतडं असू शकतं.

दोन नर आहेत, सात महिन्यांचे. रोज भांडतात, परवा एकाच्या कानाला चावा बसला. दोघांची नसबंदी केली तर शांत होतील?
*– वाशी*

नाही. नसबंदीनंतरही नर गुरगुरतो, डुलत चालतो, वर चढतो. एवढ्यासाठी दोन जनावरांना भूल देऊ नका. रक्त निघालं आहे, तेव्हा आता दोघांना वेगळं करा, पण मधे जाळी ठेवा म्हणजे सोबत तुटणार नाही. जखमा भरल्यावर दोघांनाही नव्या अशा मोकळ्या जागेत, खाली गवताचा मोठा ढीग टाकून भेटवा. घरात मात्र गवताची दोन ठिकाणं, पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन घरटी हवीत, प्रत्येक घरट्याला दोन दारं. एकाच दाराच्या घरट्यात कोपऱ्यात सापडलेला नर चावणारच.