पाच वाजताची बोट पाचची नसते

वास्को, गोवा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आई-बाबांना मुरगाव बंदरातून क्रूझला नेतोयस, वाचून फार आनंद झाला. पण बेत पाहिला आणि लगेच लिहायला बसलो. रात्रभराच्या गाडीने सकाळी मडगाव आणि संध्याकाळी बोट, असं करू नकोस. आदल्या दिवशीच पोच.

बोट पाचला सुटणार, पण चेक-इन साडेतीनला बंद होतं, हे तुझ्याच कागदांत बारीक अक्षरात आहे. हिशेब तिथून उलटा मांड. प्रवाशांची यादी पक्की झालेली असते, बोटीला बंदराबाहेर वाट दाखवणारा पायलट आणि तिला ओढणारी छोटी टग बोट यांची वेळ ठरलेली असते. चार माणसांसाठी बोट थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला सोडायला बंदराच्या फाटकापर्यंत गेलो होतो. गाडी सहा तास उशिरा आलेली. बोट समोरच धक्क्याला बांधलेली, डेकवरची माणसं दिसत होती, तरी आत सोडलं नाही. आजी सामानावर बसून राहिल्या, मांडीवर लाडवांचा डबा. त्यांना काय सांगावं, मला सुचेना. ते अजून मनातून जात नाही.

तू ऑक्टोबरात येतोयस. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक त्या महिन्यातही चालू असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा तर मार्गच बंद पडला होता.

विमानाने येणार असशील तर तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून थांबू नकोस, इथे विमानतळ दोन आहेत. दाबोळीहून बंदर अगदी जवळ. मोपा मात्र पार पेडण्यात, तिथून इकडे वास्कोला बंदरावर यायचं म्हणजे अर्धा गोवा ओलांडायचा. हातात दोन तास ठेवच. शिवाय विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केलीस, तर एकाच्या उशिराची जबाबदारी दुसरा घेत नाही. विमा काढशील तेव्हा बोट चुकल्यास भरपाई आहे का, ते वाचून घे, आणि उशीर झालाच तर विमान कंपनीकडून तसं लेखी घे.

बाबांची औषधं, सगळ्यांची ओळखपत्रं आणि एकेक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेव.

हॉटेल शोधू नकोस. इथे वास्कोतच बायण्याला आपलं घर आहे, सकाळी निवांत जेवून निघू. गाडीचं तिकीट बदललंस की फोन कर.

तुझा,
काका