तानेची लेव्हल

वाचकांचे प्रश्न : ग्वाल्हेरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतून

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला मुद्दाम जास्त जागा दिली, कारण त्यातलं काम पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखं नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर ग्वाल्हेरची गायकी गायले, पण घरात त्यांचं धड एकही रेकॉर्डिंग नाही. म्हणून मी एक कंडेन्सर माईक आणि एक वापरलेला चॅनल स्ट्रिप (प्रीअँप, कंप्रेसर, ईक्यू एकाच डब्यात) घेतला. विलंबितात आवाज छान येतो, पण बाबा तानेला लागले की फाटतो. आउटपुटचं बटण उतरवलं तरी फाटलेलाच राहतो. कंप्रेसर लावून पाहिला, तर फाटणं थांबलं नाहीच, वर बाबा दम घ्यायला थांबले की मागचा तानपुरा फुगून पुढे येतो. कुठलं बटण चुकतंय? (एक वाचिका, दौलतगंज, लष्कर)

उत्तर : चुकतंय ते गेनचं बटण. बाकीची बिचारी त्याची चूक निस्तरायला धावतायत.

माईकमधून येणारा सिग्नल फार अशक्त असतो, काही मिलिव्होल्टचा. प्रीअँप त्याला उचलून कामाच्या पातळीवर आणतो, आणि या उचलीलाच गेन म्हणतात. ६० डेसिबल गेन दिला म्हणजे व्होल्टेज हजारपट झालं. ही उचल सगळ्यात आधी होते. तिथेच सिग्नलचं डोकं छताला लागलं, तर लहरीचे शेंडे छाटले जातात. त्यानंतर आउटपुट कितीही उतरवा, हाती येतो तो छाटलेलाच आवाज, फक्त हळू. तुमच्या स्ट्रिपमध्ये कंप्रेसरही प्रीअँपनंतरच बसलेला आहे. त्याच्यापर्यंत पोचेतो नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता तुम्ही गेन कसा लावलात ते मी न पाहता सांगते. तुम्ही म्हणालात, "बाबा, जरा गाऊन दाखवा." बाबांनी षड्ज लावला, एखादा मुखडा गुणगुणले, आणि तुम्ही त्या गुणगुणण्यावर काटा छान मधोमध आणलात. प्रत्येक घरात असंच होतं, आणि डिसेंबरात हजिऱ्यावर तानसेन समारोहाच्या मांडवातही मी हेच होताना पाहिलं आहे. मोठ्या गवयालाही कुणी "माईक बघू" म्हटलं की तो हळूच "आ" करतो. पण ग्वाल्हेरचा आकार खुला, छातीतून येणारा. माझ्या खोलीत गुणगुणणं आणि द्रुत ख्यालातली सपाट तान यांत मीटरवर पंधरा-वीस डेसिबलचा फरक मी कितीदा तरी पाहिला आहे.

हे मला फार महागात पडून कळलं. १९९८ साली माझ्या गुरूंचा मालकंस रेकॉर्ड केला. तेव्हा १६ बिटच्या डिजिटल टेपवर काम चालायचं. लेव्हल कमी ठेवली तर खरखर वर येईल ही भीती, म्हणून काटा लाल रेघेला टेकेपर्यंत चढवून ठेवायची सवय. लेव्हल घेतली ती ते तानपुरा मिळवताना गुणगुणत होते तेव्हा. द्रुतात त्यांनी पहिली तान टाकली आणि लाल दिवा पेटला तो विझेचना. मध्ये थांबवायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी ते गेले. टेप माझ्याकडे आहे. विलंबित पूर्ण ऐकते, द्रुत सुरू व्हायच्या आधी बंद करते.

म्हणून आता असं करा. आधी माईकची जागा ठरवा. तोंडापासून दीड फूट, ओठांच्या किंचित वर, खाली रोखलेला. वीतभर अंतरावर ठेवलात आणि बाबा तानेच्या भरात चार इंच पुढे झुकले, तर तेवढ्यानेच पाच डेसिबल वाढतात. दीड फुटावर तेच चार इंच जेमतेम दोन डेसिबलचे. शिवाय फार जवळ गेलं की खर्जाचा घुमारा उगाच फुगतो, आणि बाबांचा आवाज त्यांचा राहत नाही.

मग बाबांना सांगा, "द्रुत गा, तार सप्तकात जाऊन या." त्यांना आवाज तापवायला हवा असेल तर अर्धा तास जाऊ द्या, घाई करू नका. त्या तानांवर गेन असा लावा की रेकॉर्डिंगच्या मीटरवर सगळ्यात उंच टोक शून्याच्या खाली दहा डेसिबलच्या आसपास थांबेल. गेन पार खाली आणूनही लाल दिवा पेटत असेल, तर २० डेसिबलचं पॅड (सिग्नल आधीच तेवढा उतरवणारं बटण) दाबा आणि गेन पुन्हा लावा. यानंतर विलंबितात काटा उणे तीसच्या आसपास रेंगाळेल आणि तुमचा हात बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नका. तुम्ही २४ बिटवर रेकॉर्ड करताय. तिथे यंत्राची खरखर इतकी खाली असते की तिच्याआधी तुमच्या खोलीतला पंखाच ऐकू येईल. नंतर कॉम्प्युटरवर आवाज वीस डेसिबल चढवता येतो. फाटलेली तान मात्र शिवता येत नाही.

कंप्रेसर बंद ठेवा. तो काय करतो ते सांगते, म्हणजे पटेल. थ्रेशोल्ड ही त्याची उंबरठ्याची रेघ. आवाज तिच्यावर गेला की रेशोच्या प्रमाणात तो दाबतो. २:१ म्हणजे रेघेच्या वर गेलेल्या दोन डेसिबलचा एकच बाहेर पडतो. दाबल्यामुळे एकूण आवाज उतरतो, म्हणून शेवटी मेकअप गेनने सगळंच वर उचलायचं. इथे तुमचा तानपुरा सापडतो. बाबा गात असतात तेव्हा आवाजाबरोबर तानपुराही दाबला जातो. बाबा थांबले की कंप्रेसरची पकड सुटते, आणि मेकअपने उचललेला तानपुरा मोकळा वर येतो. रिलीज म्हणजे पकड सुटायचा वेळ; तो जितका झटपट, तितका तानपुरा उसळतो. अटॅक, म्हणजे पकड बसायचा वेळ, झटपट ठेवलात तर नुकसान आणखी मोठं. ग्वाल्हेरच्या तानेत प्रत्येक स्वराला जो धक्का असतो, तो त्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, आणि तोच दाबला जातो. तान गुळगुळीत होते. ती बाबांची तान उरत नाही. अगदी हवाच असेल तर नंतर कॉम्प्युटरवर लावा, २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, काटा तानेवर दोन-तीन डेसिबलच झुकेल इतकाच. आवडला नाही तर काढता येतो.

ईक्यूचं (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं) बटणही बंद. तानपुरा वाजवणाऱ्याला माईकच्या पाठीमागे बसवा. कार्डिऑइड माईक पाठीमागून सगळ्यात बहिरा असतो, म्हणजे तानपुरा येईल तो खोलीतून फिरून, मऊ होऊन. हे सगळं या रविवारीच करा. बाबांना जे गावंसं वाटेल ते गाऊ द्या, आणि मधल्या बोलण्यातही रेकॉर्डिंग चालू ठेवा.

प्रश्न : मी कीर्तन करतो. माझा साधा डायनॅमिक एसएम५८ आहे. मुलाने नवा प्रीअँप आणला, त्यावर ४८ व्होल्टचं बटण आहे. चुकून दाबलं तर माईक जळेल का? (एक वाचक, मुरार)

उत्तर : केबल नीट असेल तर नाही. तो व्होल्टेज माईकच्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे कॉइलच्या दोन टोकांमध्ये फरकच राहत नाही आणि करंट वाहत नाही. कंडेन्सरला मात्र तो लागतोच, त्याशिवाय तो मुका. जपायचं ते रिबन माईकला. एखादी तार आतून तुटलेली किंवा चुकीची जोडलेली असेल, तर तिथे दोन टोकांना सारखा व्होल्टेज राहत नाही आणि ती पातळ पट्टी ताणली जाऊ शकते. सवय अशी लावा : गेन खाली, स्पीकर बंद, केबल जोडायची, मग ४८ व्होल्ट, मग गेन. काढताना उलट्या क्रमाने, आणि ४८ व्होल्ट बंद केल्यावर थोडं थांबून मगच केबल उपटायची. तुमच्या माईकला कंडेन्सरपेक्षा वीसेक डेसिबल जास्त गेन लागेल. तेवढं बटण फिरवताना बिचकू नका.

प्रश्न : मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. त्याचा आवाज जावा म्हणून लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) १६० हर्ट्झवर ठेवते, पण माझ्या विद्यार्थ्याचा आवाज पोकळ येतो. (एक वाचिका, शिंदे की छावणी)

उत्तर : विद्यार्थी काळी एकमध्ये गातो असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. मग हिशोब करू. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ. त्याखालचा मंद्र पंचम १०४. खर्ज ६९.३. तुम्ही १६० वर लो-कट लावलात म्हणजे त्याचा मध्य षड्जच उंबरठ्याबाहेर काढलात, मंद्राचं तर बोलायलाच नको. गेनचं लाल बटण असलेल्या, १९७० साली आलेल्या त्या प्रसिद्ध नीव्ह १०७३ प्रीअँपवर लो-कटचे चारच टप्पे आहेत : ५०, ८०, १६०, ३००. मी काळी एकच्या गवयाला ५० वर ठेवते, किंवा बंदच. ८० सुद्धा तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला लागतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा षड्ज २०७.७ हर्ट्झ आणि मंद्र पंचम १५६. तिला ८० खुशाल चालतो.

आणि कूलर लो-कटने जाणारच नाही. मोटरची घरघर खाली असते हे खरं, पण हवेचा फुस्स आणि पाण्याची टपटप वरपर्यंत, गळ्याच्या सगळ्या पट्ट्यात पसरलेली असते. पहाटे साडेपाचला रेकॉर्डिंग ठेवा. भिंती तेव्हा जरा निवलेल्या असतात, कूलर अर्धा तास बंद ठेवता येतो. माझी उन्हाळ्यातली सगळी कामं मी पहाटेच करते. विद्यार्थी कुरकुरतात, पण येतात.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या पखवाजाला दोन्ही बाजूंनी एकेक माईक लावतो. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही उत्तम. एकत्र केले की धूम (डाव्या तोंडाचा खर्जातला आवाज) गायब. बुवा धुमेवर कणीक पुन्हा पुन्हा मळून लावतात, काही फरक पडत नाही. (एक वाचक, जनकगंज)

उत्तर : बुवांची कणीक ठीक आहे. धुमेवर थाप पडली की ते पान आत दबतं, आणि आतली हवा शाईच्या पानाला बाहेर ढकलते. म्हणजे एका माईकपासून पान दूर जातं त्याच क्षणी दुसरं पान आपल्या माईककडे येतं. दोन सिग्नल उलटे, आणि मिसळले की खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. तुमच्या स्ट्रिपवर शून्यावर तिरकी रेघ मारलेलं एक बटण असेल. शाईच्या माईकवर ते दाबा, फक्त एकाच माईकवर. ते सिग्नल उलटा करतं, बाकी काही नाही. दोन्ही माईक एकाच स्पीकरवर एकत्र ऐकत, बटण दाबून-सोडून बुवांना धूम वाजवायला सांगा. जिथे धूम पोटात जाणवेल तिथे बटण राहू द्या. दोन्ही माईक पानापासून सारख्याच अंतरावर असू द्या. एक वीतभर आणि एक हातभर असेल तर बटणाचा उपयोग अर्धवटच होईल.