पेन्शनमधली कपात: वाचक विचारतात

या महिन्यात निपाणी, खानापूर आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांत एकच तक्रार होती, हातात येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आहे. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी निघाली.

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सप्टेंबर 2006 ते ऑगस्ट 2024 अशी अठरा वर्षं नोकरी केली. आता वय 55. पीएफची पेन्शन आत्ताच घेतली तर कायमची कापली जाते म्हणतात. थांबू का? (निपाणी)

कापली जाते, आणि 58 पूर्ण झाल्यावरही ती कपात उठत नाही, हे खरं आहे. दहा वर्षांची सेवा असेल तर वयाच्या पन्नाशीपासून पेन्शन मागता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के जातात. तुमचे सुमारे 12 टक्के जातील.

हिशेब मांडून पाहू. सूत्र असं : पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सेवेला पगाराची कमाल मर्यादा 6,500 रुपये आणि नंतरच्या सेवेला 15,000 रुपये, त्यामुळे हिशेब दोन तुकड्यांत होतो. पहिली आठ वर्षं : 743 रुपये. पुढची दहा : 2,143. एकूण साधारण 2,886 रुपये. (तुमचा पगार 15,000 च्या वर होता असं धरलं आहे.) आत्ता घेतली तर 2,540 च्या आसपास.

म्हणजे महिन्याला साडेतीनशे रुपयांचा तोटा. पण तीन वर्षं आधी मिळणाऱ्या पेन्शनची बेरीज 91 हजारांवर जाते. साडेतीनशेच्या तोट्यानं ती रक्कम फिटायला 58 नंतर बावीस वर्षं, म्हणजे वयाची ऐंशी गाठावी लागेल. या पेन्शनला महागाई भत्ताही नाही. तेव्हा पुन्हा कामावर जायचंच नसेल, तर कपातीला घाबरून थांबण्यात फारसा अर्थ नाही.

अजून दोन वर्षं काम करणार असाल तर मात्र गणित उलटतं. सेवेची वीस वर्षं भरली की दोन वर्षं वाढवून मिळतात आणि 58 ला पेन्शन साडेतीन हजारांच्या घरात जाते. तसं असेल तर पेन्शन मागू नका आणि पैसेही काढू नका, फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट (आधीची सेवा पुढे धरली जावी म्हणून मिळणारा दाखला) घ्या आणि नव्या मालकाकडे जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या. मुदतीआधीची पेन्शन एकदा सुरू झाली की पुढची नोकरी पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत.

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक अडचण आहे. पेन्शनयोग्य पगार हा शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी असतो. ठेकेदाराकडे दोन वर्षं काम केलंत आणि त्यानं पीएफला पगार 10,000 दाखवला, तर सरासरी 15,000 वरून 13,000 वर येते आणि सप्टेंबर 2014 नंतरच्या सगळ्या वर्षांची पेन्शन त्या दरानं धरली जाते. कामावर जाण्याआधी विचारायचा प्रश्न ‘हातात किती’ एवढाच नाही, ‘पीएफ कितीवर कापणार’ हाही आहे.

बिनपगारी दिवसही सेवेतून वजा होतात. कारखान्यानं ते जास्त दाखवले असतील तर पेन्शन मागायचा फॉर्म 10डी भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर फार चकरा होतात. जानेवारी 2025 पासून ही पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, त्यामुळे नोकरी कोल्हापूर जिल्ह्यात केली म्हणून खातं तिकडे हवं असं नाही.

प्रश्न : माझ्या भावाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर 80 टक्के होते. नूतनीकरणात 65 झाले आणि पेन्शन 1,400 वरून 800 वर आली. पायाबरोबर त्याला ऐकूही कमी येतं, ते 40 टक्के आहे. बेरीज केली तर शंभराच्या वर जाते! (खानापूर तालुका)

कर्नाटकात 40 ते 75 टक्क्यांपर्यंत 800 रुपये आणि 75 च्या वर 1,400 रुपये. रक्कम टक्केवारीमुळे उतरली, तेव्हा भांडण तहसीलदारांशी नाही, दाखल्याशी आहे.

दोन अपंगत्वांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवतात. लहान आकड्याला (90 वजा मोठा आकडा) यानं गुणतात, 90 नं भागतात आणि येईल ते मोठ्यात मिळवतात. पाय 65, कान 40 : 40 गुणिले 25 भागिले 90 म्हणजे 11. एकूण 76. शंभर नव्हे, पण 75 ची रेघ ओलांडली.

नव्या दाखल्यावर 65 च आहे याचा अर्थ बहुधा फक्त पाय मोजला. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि कानाची तपासणी राहून गेली, असं घडतं. दाखल्यावर अपंगत्वाचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. एकच प्रकार असेल तर ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) ताजा अहवाल जोडून, दोन्ही मोजावीत असा अर्ज करा. नकार आला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील आहे, निर्णयापासून 90 दिवसांत. दुरुस्त दाखला मिळाला की तो नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) देऊन पोच घ्या.

अर्ज मराठीत चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आहे. तरी कन्नड प्रत सोबत लावा, फाईल पुढे सरकते. हक्क सोडा असं म्हणत नाही, पण भावाचे महिन्याचे 600 रुपये अडलेत.

प्रश्न : टपाल खात्यातून 2011 मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झालो. मूळ पेन्शन 10,000 होती, 40 टक्के विकली. अजून 4,000 कापतात. किती दिवस? (बेळगाव)

पेन्शन विकणं म्हणजे तिचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणं. त्याची कपात सुरू झाल्याच्या तारखेपासून 15 वर्षं चालते. ती तारीख कागदपत्रांत पाहा, निवृत्तीची तारीख आणि ती एकच असेल असं नाही. 4,000 गुणिले 12 गुणिले 8.194 (वयानुसार ठरलेला गुणक) या हिशेबानं तुम्हाला 3,93,312 रुपये मिळाले आणि 15 वर्षांत 7,20,000 जातात. महाग सौदा आहे, पण नियम तोच आहे. 2016 मध्ये सातव्या वेतन आयोगानं मूळ पेन्शन 25,700 झाली तरी कपात 4,000 च राहते आणि महागाई भत्ता पूर्ण 25,700 वर मिळायला हवा. तो 21,700 वर लावला असेल तर चूक आहे, बँकेला लेखी कळवा. पत्नीच्या कुटुंब वेतनाला या विक्रीचा धक्का लागत नाही. कर्नाटक सरकारच्या कर्मचाऱ्यांना एक तृतीयांशच विकता येते, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नका.

प्रश्न : बँक म्हणते जास्त पेन्शन दिली गेली, आता वसूल करणार. (बेळगाव)

आधी महिनावार तक्ता मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या रफिक मसीह निकालानुसार, चूक खात्याची असेल तर निवृत्तांकडून अशी वसुली होऊ शकत नाही. पण जास्तीचे पैसे परत करीन असं हमीपत्र दिलेलं असेल, तर 2016 च्या जगदेव सिंग निकालानं वसुलीला वाट दिली. पेन्शन सुरू करताना बँका हे हमीपत्र घेतातच. त्याची प्रत मागून पाहा, मग हप्ते लहान करून घ्यायचे की वकील गाठायचा ते ठरवा.