बाससाठी इंटरफेस घ्या, पण २४,५०० चा नको

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय २८, हातात येणारा पगार ३२,००० रुपये, घरखर्च २५,००० च्या आसपास. बँकेत ४१,००० शिल्लक आणि क्रेडिट कार्डाचे १८,००० थकलेले. ते ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतात. गणपती आणि नवरात्र मिळून पंधराएक हजार सुटतात. मुंबईतला एक संगीत संयोजक मित्र घरून बास रेकॉर्ड करून पाठवण्याचे गाण्यामागे १,००० द्यायला तयार आहे, महिन्याला दोन गाणी. त्यासाठी दोन इनपुटांचा (वायर लावायच्या दोन जागांचा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण, कंडेन्सर माइक आणि हेडफोन असा २४,५०० चा संच ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावा का, असं ते विचारतात. एका इनपुटवर काम भागेल असा साधा इंटरफेस त्याच दुकानात ८,५०० ला आहे.

इंटरफेस घ्यावा, असंच माझं मत आहे. वाजवणाऱ्याने हत्यारावर केलेला खर्च मी कधी चैनीत धरत नाही. पण कोणता घ्यायचा आणि कोणत्या पैशाने, यावर थोडं बोलू.

बासला एकच वायर लागते. त्यामुळे तुमच्या कामाला एकच इनपुट पुरे, फक्त तो ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ हवा. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या सिग्नलला होणारा अवरोध, साधारण १ मेगाओहम असतो. कीबोर्ड-मिक्सरसाठीच्या लाइन इनपुटचा त्याहून खूपच कमी, बहुतेकदा दहा-वीस किलोओहम. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास थेट त्यात लावला की पिकअपवर, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या भागावर, भार येतो आणि आवाजातली धार जाते. स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगरचा यूएमसी२२ यांसारख्या छोट्या इंटरफेसमध्येही हा इनपुट असतो. कंडेन्सर माइक आणि त्याला इंटरफेसमधून लागणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) हे गायकाच्या कामाचं. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटसाठीही, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो त्या आकड्यासाठी, जादा पैसे मोजू नका. बासची खालची ‘ई’ तार जेमतेम ४१ हर्ट्झची, आणि ऑडिओ सीडीसुद्धा ४४.१ किलोहर्ट्झवरच चालते.

खर्च करायचाच तर हेडफोनवर करा. लॅपटॉपच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही. मग मित्राला काय पाठवतोय ते तुम्हाला कळणार कसं? तुमच्याकडे वायरचा बरा हेडफोन असेल तर तोही खर्च वाचला.

आणखी एक. बास प्रोसेसर (आवाजाला इफेक्ट देणारं यंत्र) वापरत असाल तर त्याचं मॅन्युअल आजच उघडा. बॉस जीटी-१बीसारखे काही प्रोसेसर यूएसबीने जोडले की स्वतःच इंटरफेसचं काम करतात. काहींचा यूएसबी पोर्ट मात्र फक्त सॉफ्टवेअर अपडेटपुरता असतो, म्हणून नुसता पोर्ट बघून ठरवू नका.

आता ईएमआय. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. बँक व्याज लावते, तेवढीच सूट विक्रेता किमतीत दाखवतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. ही रक्कम मोठी नसते. मला खरी काळजी आहे ती थकलेल्या १८,००० ची. महिना ३.५ टक्के धरले तर ६३० रुपये व्याज, त्यावर जीएसटी, म्हणजे साधारण ७४३ रुपये दर महिन्याला जातात. तुमच्या एका गाण्याच्या मानधनातले तीन-चतुर्थांश! शिवाय जुनी बाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून व्याज सुरू.

म्हणून आधी ते १८,००० आजच भरून टाका. बँकेत २३,००० उरतील. एका महिन्याच्या खर्चालाही ते कमी पडतात, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही. इंटरफेस गणपतीच्या पैशातून, रोख. ८,५०० चा घेतलात तर महिना २,००० च्या कमाईने सव्वाचार महिन्यांत वसूल होतो. २४,५०० च्या संचाला वर्षाच्या वर लागतं, तेही गाणी एकदाही चुकली नाहीत तर. उरलेल्या पैशातून बासला नव्या तारा टाका. जुन्या तारांचा मंद आवाज कोणताही इंटरफेस उजळवत नाही.

तोवर ऑर्केस्ट्रातल्या कुणाचा इंटरफेस दोन दिवस मागून घ्या आणि पहिली दोन गाणी त्यावर करा. मानधन किती दिवसांत हातात येतं, तेही त्यातून कळेल. सेकंडहँड मिळाला तर आणखी उत्तम. मात्र यूएसबीचं तोंड सैल नाही ना, आणि तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनी अजून देते का, हे पैसे देण्याआधी पाहा. नवा घ्या की जुना, जाताना स्वतःचा बास आणि लॅपटॉप बरोबर न्या, ‘इन्स्ट’चं (इन्स्ट्रुमेंटचं) बटण असेल तर दाबा आणि खालची ‘ई’ तार जोरात छेडून तिथेच रेकॉर्ड करून ऐका.