औषधच की ओ ते, दारू न्हवं!

"मॅडम, पोरगं दारूला शिवत नाही. खोकल्याचं औषध तेवढं जास्त घेतंय. औषधच की ओ ते?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आयांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा एक तरुण. त्याला सागर म्हणू. ओळख बदललेली आहे. मागे खरोखरच खोकला झाला, डॉक्टरांनी कोडीनचं सिरप दिलं. खोकला गेला, पण चिठ्ठी खिशात राहिली. पाळीवरून आल्यावर दिवसा झोप लागेना, त्यावर हे औषध लागू पडलं. चमच्याचं झाकण झालं, झाकणाची बाटली झाली. आईला गादीखाली रिकाम्या बाटल्या सापडल्या तेव्हा दोघं माझ्याकडे समुपदेशनाला आली. वडिलांचं मत, दोन कानाखाली दिल्या की सुटेल.

कोडीन अफूच्याच घराण्यातलं. यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं. म्हणून तर ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि दुकानदारानं प्रत्येक विक्री वेगळ्या वहीत लिहायची. कागदावर तरी असं आहे.

सुरुवातीला सागरचं एकच पालुपद, "मी काय व्यसनी न्हवं." मी वाद घातला नाही. व्यसन माणसाचं कुठलं काम करून देतंय ते आधी बघायचं, ही माझी पद्धत. धाक घालून सुटलेलं फार टिकलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा सहज विचारलं,

"औषध मिळालं नाही त्या दिवशी काय होतं?"

"सर्दी होते. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, अंग मोडून येतंय, पोट बिघडतंय. मग घ्यावंच लागतंय की."

"आणि घेतल्यावर?"

"तासाभरात बरं."

"तासाभरात सर्दी घालवणारं औषध मला पण सांग की."

तो हसला. मग हसता हसता थांबला. रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "म्हणजे ही सर्दी न्हवंच?"

नव्हतीच. शरीर कोडीन मागत होतं आणि तो त्याला आजार समजून औषध घेत होता. हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते, पण मग ते माझं म्हणणं राहिलं असतं. आता ते त्याचं होतं. त्याच आठवड्यात तो स्वतःहून मनोविकारतज्ज्ञांकडे गेला.

तेव्हा घरच्यांनो, बाटल्या फेकून पोराला खोलीत कोंडू नका. अंगदुखी, जुलाब, झोप उडणं यांवर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात दाखवा, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फुकट बोलता येतं. पोराचं लग्न जमणार नाही म्हणून उपचार लांबवणारी घरं मी पाहिलीत. तेवढ्यात बाटल्या वाढतात. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर हे सिरप श्वास मंदावतं. हलवूनही जाग येत नसेल, घोरल्यासारखा अडखळता श्वास असेल, ओठ निळसर दिसत असतील तर कुशीवर वळवा आणि 108 लावा. मध्ये खंड पडल्यावर पूर्वीइतकंच घेतलं, तर तेही जिवावर बेतू शकतं.

सागरनं पाळी बदलून घेतली. शेवटच्या भेटीत त्याची वेगळीच शंका होती, "उद्या खरंच खोकला आला तर?" म्हटलं, डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या पहिलं हेच सांगायचं, मला कोडीनची सवय होती, त्याशिवायचं काहीतरी द्या.