वर्डमध्ये अक्षर उशिरा उमटतंय? रॅम घेण्याआधी डिफॉल्ट प्रिंटर बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि अंगावर काटाच आला. 180 पानांचा प्रबंध, की दाबली की अक्षर दोन-तीन सेकंदांनी उमटतंय, नोटपॅडमध्ये मात्र सगळं सुरळीत, आणि दुकानदार म्हणतोय रॅम वाढवा नाहीतर फॉरमॅट मारा. फॉरमॅट नका करू हो, निदान आज तरी नका करू. नोटपॅडमध्ये टायपिंग व्यवस्थित होतंय म्हणजे कीबोर्ड आणि मशीन बहुतेक ठीक आहे, घोळ वर्डच्या आसपास आहे.

मी भाषांतराची कामं करते. एका प्रकाशकाकडे दोन दिवस बसून प्रिंट काढले, घरी आले आणि त्याच रात्रीपासून वर्ड रखडायला लागलं. या दोन गोष्टींचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला, त्यांनी काही न तपासता फॉरमॅट सांगितलं, "बॅकअप घेऊ ना?" विचारलं, मी हो म्हटलं. बॅकअप म्हणजे त्यांच्या लेखी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स! वर्डची कस्टम डिक्शनरी ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते (रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, त्यात यूप्रूफ), ऑटोकरेक्टच्या (टाइप करताना शब्द आपोआप सुधारायच्या यादीच्या) एसीएल फायली तिथेच बाजूच्या ऑफिस फोल्डरमध्ये. पाच वर्षं एकेक शब्द घालून जमवलेलं सगळं गेलं. विचारायला गेले तर "तुम्ही सांगितलं नव्हतं मॅडम" एवढंच उत्तर. 2,800 रुपये गेले त्याचं नाही, त्या शब्दांचं अजून वाईट वाटतं.

आणि एवढं करून वर्ड पंधराच दिवस नीट चाललं. परत प्रकाशकाकडे गेले, प्रिंट काढला, घरी आले, पुन्हा तेच. तेव्हा कुठे भाच्याने बघितलं की डिफॉल्ट प्रिंटर (म्हणजे आपण वेगळा निवडला नाही तर लॅपटॉप जो धरून चालतो तो) प्रकाशकाच्या ऑफिसचा नेटवर्क प्रिंटर आहे. ओळ कुठे तुटणार, पान कसं बसणार हे ठरवायला वर्ड डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरचा (प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) आधार घेतं, आणि तो प्रिंटर घरून सापडतच नसेल तर वाट बघत अडकतं. विंडोज 10 मध्ये शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट करायची सोय आहे, माझ्याकडे ती चालू होती.

तर सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडा, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करा, वर्ड पूर्ण बंद करून परत उघडा. माझं तेवढ्यावर भागलं. तुमचंही भागेलच असं छातीठोक नाही सांगत, मी काही कंप्युटरवाली नाही.

नाहीच जमलं तर कंट्रोल दाबून धरून वर्डच्या आयकॉनवर क्लिक करा, सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारतं. तिथे टायपिंग झटपट झालं तर बहुतेक एखादं ॲड-इन (वर्डला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) नडतंय, ऑप्शन्समध्ये जाऊन एकेक बंद करून बघा. ग्रामर चेक टाइप करताना चालू ठेवायची गरज नाही, मराठीला त्याचा काही उपयोग मला तरी झालेला नाही. गाइडनी ट्रॅक चेंजेसमध्ये शेकडो दुरुस्त्या केल्या असतील तर पटलेल्या ॲक्सेप्ट करून टाका, त्यानेही फाइल जड होते. आणि 180 पानं एकाच फाइलमध्ये कशाला? प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवा, शेवटी जोडा, हे माझं ठाम मत आहे, भले कुणी काही म्हणो.

फाइल पेन ड्राइव्हवरून थेट उघडून त्यातच काम करत असाल तर तेही थांबवा, आधी लॅपटॉपवर कॉपी करा.

सगळं करूनही फॉरमॅटचीच वेळ आली तर यूप्रूफ आणि ऑफिस हे दोन्ही फोल्डर आधी स्वतः पेन ड्राइव्हवर घ्या, दुकानदारावर सोडू नका. आत्ता डिफॉल्ट प्रिंटर कोणता दिसतोय तेवढं इथे लिहा, मी रात्री परत बघते.